आवाज कोणी काढला?

स्वरमंडळ हे वाद्य वाजवायला येत नसलं तरी वाजवता येतं. गवयाने तारा एकदा रागात जुळवल्या की मांडीवरच्या त्या पेटीवरून बोटं कशीही फिरवा, ऐकू येतो तो रागच. वर्ज्य स्वर वाद्यात ठेवलेलाच नसतो, मग तो लागणार कुठून? दिव्यांग मुलांसाठी संगीत आणि तंत्रज्ञानाची कार्यशाळा घ्यायची ठरली, की लॅपटॉप आणि सेन्सरची यादी करायच्या आधी हे वाद्य डोळ्यांसमोर आणावं. जुळवणारा एक, वाजवणारा दुसरा, ही कामाची वाटणी त्यात आधीपासूनच आहे. जुळवायचं आपण आणि वाजवायचं मुलाने.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण कार्यशाळा बिघडते ती इथेच. मुलाच्या पुढ्यात मोठं लाल बटण ठेवलेलं असतं. मूल त्याच्याकडे बघतं, बघतच राहतं. शेजारी बसलेल्या ताईंना ती शांतता सोसवत नाही. त्या मुलाचा हात उचलतात आणि बटणावर ठेवतात. घंटा वाजते, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. मुलाने काय केलं? काहीच नाही. त्याच्या हाताने ताईंनी घंटा वाजवली. म्हणून साधन कुठलंही असो, दर पाच मिनिटांनी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावा: हा आवाज कोणी काढला?

सुरुवात बटणापासूनच करू, कारण बाकी सगळी साधनं थोडीबहुत त्याचीच भावंडं आहेत. दिव्यांगांसाठी बनवलेले बहुतेक स्विच 3.5 मिलिमीटरच्या मोनो जॅकचे असतात, जुन्या हेडफोनच्या पिनेसारख्या. आत काहीच गूढ नसतं. दाबलं की दोन तारा जुळतात, सोडलं की सुटतात. त्यामुळे ते घरी करता येतात. जाड पुठ्ठ्याचे 15 सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्या. दोन्हींवर आतल्या बाजूने अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा आणि प्रत्येक फॉइलला एकेक तार टेपने घट्ट बसवा. मध्ये पाचेक मिलिमीटर जाडीचा फोम घाला. फोमला रुपयाच्या नाण्याएवढी चार-पाच भोकं पाडलेली हवीत. दाबलं की भोकांतून फॉइलला फॉइल टेकते. भोकं मोठी केली तर बटण हलक्या हाताला दाद देतं, लहान ठेवली तर जोर लागतो. ज्याच्या हातात ताकद कमी त्याला मोठी भोकं, आणि ज्याचा हात टेकला की उचलता उचलत नाही त्याला लहान. फॉइल आठवड्याभरात चुरगळते, फाटते. तांब्याची चिकटपट्टी मिळाली तर तीच वापरावी.

हा स्विच लॅपटॉपला जोडायचा कसा? त्याला जुना वायरचा माऊस पुरतो. खालचे स्क्रू काढा. डाव्या बटणाखाली छोटा चौकोनी मायक्रोस्विच असतो, त्याला तीन पाय असतात. मल्टिमीटर बीप आवाजावर लावून पायांच्या जोड्या तपासा. जी जोडी फक्त दाबल्यावर बीप करते तीच आपली. त्या दोन पायांना दोन तारा डाखा, तारा 3.5 मिलिमीटरच्या सॉकेटला जोडा आणि माऊसच्या कडेला भोक पाडून सॉकेट बसवून टाका. आता कुठलाही स्विच म्हणजे डावी क्लिक. मेख एकच आहे. क्लिक जिथे कर्सर असेल तिथेच लागते. म्हणून पडद्यावर मोठं चित्र ठेवायचं, कर्सर त्याच्यावर आणायचा आणि माऊस उलटा करून टेपने टेबलाला चिकटवून टाकायचा. नाहीतर कोणाचा तरी कोपर लागतो, कर्सर सरकतो आणि मूल पाच मिनिटं मुकं बटण दाबत बसतं. आपल्या दाबण्याने काही होत नाही, हा धडा अशा मुलांना आयुष्याने आधीच पुष्कळ वेळा दिलेला असतो. आपण त्यात भर घालू नये.

बटण कुठे ठेवायचं, हा प्रश्न बटण कसं बनवायचं याहून अवघड आहे. त्याचं उत्तर फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नसणं) असलेल्या काही मुलांमध्ये मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात आपोआप ताठ होतो आणि दुसरा कोपरात मुडपतो. तान्ह्या बाळातली ही प्रतिक्षिप्त क्रिया पुढे विरून जायची असते, या मुलांत ती टिकून राहते. बटण बाजूला ठेवलं की मूल त्याच्याकडे बघायला मान वळवतं, हात ताठरतो आणि मनगट बटणाच्या पलीकडे जातं. बघणाऱ्याला वाटतं, याला जमत नाही. बटण मधोमध, छातीच्या रेषेत आणलं की तोच हात बरेचदा वेगळा वागतो. कधी हात सोडून द्यावा लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, डोक्यामागे हेडरेस्टपाशी, पायाच्या अंगठ्याखाली, जिथे मुलाची हालचाल कमी कष्टात आणि पुन्हा पुन्हा तशीच होते ती जागा शोधायची. स्विच धरून ठेवायला मोबाइलचा वळणारा लांब स्टँड चालतो, पण स्वस्त स्टँड दर दाबण्यागणिक खाली झुकत जातो. ट्रेवर ठेवायचं असेल तर खाली स्वयंपाकघरातल्या कप्प्यांत घालतात ती जाळीची रबरी मॅट अंथरावी. आणि हे सगळं पाठ, कंबर आणि पावलं नीट टेकल्यानंतर. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर अंगातली सगळी शक्ती तोल सांभाळण्यातच जाते.

आता गमतीच्या वस्तूकडे येऊ. एमआयटी मीडिया लॅबमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी 2012 मध्ये मेकी मेकी नावाचा छोटा बोर्ड बाहेर आणला. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की लॅपटॉपला तो कीबोर्ड वाटतो. बोर्डावरच्या बाणाच्या किंवा स्पेसच्या जागेला चिमट्याची एक वायर लावायची आणि तिचं दुसरं टोक केळ्यात, चमच्यात किंवा पाण्याच्या वाटीत. बोर्डावर 'अर्थ' (earth) लिहिलेल्या जागेची दुसरी वायर मुलाच्या हाताला. मुलाने केळ्याला हात लावला की वर्तुळ पुरं होतं आणि स्पेस दाबली जाते. बोर्डावर 22 मेगाओहमचे रोधक आहेत, म्हणजे 5 व्होल्टवर अंगातून जाणारा प्रवाह मायक्रोअँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. मुलाला काही जाणवतसुद्धा नाही.

केळं पहिल्या दिवशी छान. दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. आपल्याकडे त्याहून सोयीची वस्तू म्हणजे कणीक. वाटीभर पिठाला पाव वाटी मीठ घालून नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवली की वीज छान वाहते. हिचा मोर करा, साप करा, पोळी लाटून ट्रेभर पसरा. ज्याची बोटं उघडत नाहीत त्यालाही मूठ टेकवून वाजवता येतं. मात्र सगळं तोंडात घालणारी मुलं असतील तर ही कणीक बाहेर काढू नये, मीठ फार असतं. वापर झाला की फेकून द्यावी. वाळली की वाहत नाही, आणि आदल्या दिवशी वाजलेला मोर आज का रुसला, हे मुलांना समजावून सांगता येत नाही.

मेकी मेकी बिघडतो तो ठरलेल्या ठिकाणी. अर्थची वायर हातात धरायला दिली तर ती सुटणारच. मनगटाला वेल्क्रोचा पट्टा बांधावा, आतून फॉइल किंवा तांब्याची पट्टी लावलेला. हात कोरडे असतील तर ओल्या रुमालाने पुसावेत. आपोआप सूर वाजत सुटले तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढावा. अर्थिंग धड नसलेल्या सॉकेटमधून, किंवा दोनच पिनांच्या चार्जरमधून, आलेला गोंगाट बोर्डाला स्पर्शासारखा वाटतो. सत्र बॅटरीवरच चालवावं, म्हणजे वीज गेली तरी गाणं थांबत नाही. सगळ्यात चकवणारी गोष्ट मात्र धातूची व्हीलचेअर. अर्थचा पट्टा बांधलेलं मूल खुर्चीच्या दांड्याला टेकलेलं असतं, स्वराची वायरही नकळत त्याच दांड्याला लागते आणि तो स्वर चिकटून बसतो. आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहतो आणि चूक खुर्चीत असते. ट्रेवर प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घातला की प्रश्न मिटतो.

यातला सर्वांत रंगणारा खेळ फुकटचा आहे. एका मुलाने अर्थ धरायचा, दुसऱ्याने स्पेसची वायर, आणि दोघांनी एकमेकांना टाळी द्यायची. टाळी लागली की ढोलकी वाजते. मग तिसऱ्याला मध्ये घ्यायचं, चौथ्याला, मावशींनाही. हात धरलेली अख्खी साखळी एक वाद्य होते आणि कोणी हात सोडला की मुकी होते. ज्याला कुठलीच वस्तू धरता येत नाही त्याच्या गालाला कोणी हात लावला तरी वाजतं. मात्र स्पर्श नको असलेली मुलं असतात, त्यांना या साखळीत ओढू नये.

आवाज काढणारा प्रोग्रॅम म्हणून स्क्रॅच पुरेसा आहे. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात. फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते. त्यातलं एक मर्म मात्र ठाऊक हवं. कळ दाबून धरली की संगणक तीच अक्षरं पुन्हा पुन्हा पाठवतो, त्यामुळे हात उचलायला वेळ लागणाऱ्या मुलाचा एक स्वर मशीनगनसारखा तडतडत राहतो. म्हणून 'कळ दाबल्यावर' या ठोकळ्याखाली स्वर वाजवा आणि त्याखाली 'कळ सुटेपर्यंत थांबा' हा ठोकळा लावा. ज्याचा हात थरथरतो, एका दाबण्यात तीन-चार दाबण्या होतात, त्याच्यासाठी स्वरानंतर 0.4 सेकंदांची थांब घालावी. फार वाढवली तर मूल पुन्हा दाबतं तेव्हा वाद्य झोपलेलं असतं. हा आकडा मुलागणिक बदलतो, तो बघून बघूनच सापडतो.

आता उशिराबद्दल. या क्षेत्रातली निम्मी अपयशं उशिराची असतात आणि त्यांचं खापर मुलाच्या आकलनावर फुटतं. 'मी हात हलवला म्हणून आवाज आला' हे नातं मेंदूत जुळायचं तर दोन्ही गोष्टी एकाच क्षणी व्हायला हव्यात. ब्लूटूथ स्पीकर इथे पहिला शत्रू. त्यातून आवाज यायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो, कधी त्याहून जास्त. शिवाय थोडा वेळ शांतता असली की बरेच स्पीकर स्वतःच झोपतात आणि पहिला सूर गिळून टाकतात. जे मूल दोन मिनिटं जुळवाजुळव करून एकदा दाबणार, त्याचा नेमका तोच सूर. वायरचा स्पीकर घ्यावा, बाकी काही ऐकू नये. दुसरा चोर रेकॉर्डिंगमध्ये लपलेला असतो. मोबाइलवर कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली की सुरुवातीला पाव सेकंद शांतता येते. ती कापून टाकावी, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये किंवा स्क्रॅचच्याच आवाजाच्या खिडकीत. तिसरा चोर म्हणजे वाद्याची निवड. कीबोर्डवर 'पॅड' म्हणून जे मऊ, गूढ आवाज असतात ते हळूहळू फुलतात. मोठ्यांना ते अशा मुलांसाठी योग्य, शांत वगैरे वाटतात. पण हात पडल्यावर अर्ध्या सेकंदाने फुलणाऱ्या आवाजाचा आणि हाताचा संबंध लागत नाही. संतूर, घंटा, तबला, टाळ असा ठोका असलेला आवाज आधी द्यावा. तरंगतं संगीत नंतर.

आणि मुलांच्या ओळखीचे आवाज आणावेत. एसटीचा हॉर्न, ताशा, लेझीम, शाळेची घंटा, आजीची हाक. यातला ताशा बाहेर काढला की वर्ग हातातून जातो हे आधीच सांगून ठेवतो.

स्वर कुठले ठेवायचे? स्वरमंडळाचं तत्त्व इथे जसंच्या तसं लागू पडतं. भूप घ्या. मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे एकमेकांना खेटून उभे राहणारे, अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे शेजारी त्यात नाहीतच. कुठलेही दोन स्वर एकत्र वाजले तरी कानाला टोचत नाहीत. संगणकात स्वरांना आकडे असतात. पांढरी एकचा भूप म्हणजे 60, 62, 64, 67, 69 आणि वरचा षड्ज 72. बाई काळी एकमध्ये गात असतील तर प्रत्येकात एक मिळवा. सहा मुलं, सहा स्वर, खाली तानपुऱ्याचं अॅप. पहिल्या दिवशी एवढ्यावर तासभर निघतो. जगभर या कामात पाच स्वरांचीच सप्तकं वापरतात, आपल्याला ती आयती घरात मिळाली आहेत. चार-पाच सत्रांनी दुर्गा लावून बघावा. गंधार जाऊन मध्यम येतो, म्हणजे एकच आकडा बदलायचा, 64 ऐवजी 65. मुलं लगेच मान वर करून बघतात.

पण इथेच कायम थांबलं तर फसगत होते. जिथे चुकताच येत नाही तिथे काही काळाने लक्षही लागत नाही. जे मूल स्वर निवडून वाजवू लागलंय असा संशय येतो, त्याच्या पाच स्वरांत एक आगंतुक सोडावा. भूपात तीव्र मध्यम, 66. मूल तो टाळतं का, की मुद्दाम पुन्हा पुन्हा दाबून सगळ्यांची तोंडं बघतं? दुसरंच जास्त वेळा होतं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवावा. दोन्हींतून एकच कळतं, कान जागा आहे.

ज्याला एकच बटण झेपतं त्याच्यासाठी दुसरी तोड आहे. स्क्रॅचमध्ये 'चाल' नावाची यादी करा आणि त्यात एखाद्या आरतीचे किंवा बडबडगीताचे स्वर ओळीने भरा. दर दाबण्याला यादीतला पुढचा स्वर वाजेल आणि शेवटी पुन्हा पहिल्यावर येईल असं करा. आता कोणता स्वर हे आपण ठरवलंय, पण केव्हा हे मुलाच्या हातात आहे. पेटी-तबला घेऊन साथ करणाऱ्याने मुलामागे जायचं. मूल थांबलं की थांबायचं. ठेका चालू ठेवून मुलाला त्यात पळवायचं नाही. उलट करायचं असेल तर ठेकाच मुलाला द्यावा. एक बटण केरव्याचा आठ मात्रांचा ठेका सुरू करतं आणि तेच तो थांबवतं. वर्गातली सगळी गाणारी मोठी माणसं एका मुलाच्या बोटावर गप्प होतात, आणि हे कळायला कुठल्याच मुलाला फार वेळ लागत नाही.

हात लावायचीच गरज नसलेली वाद्यंही आहेत. ब्रिटिश संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेलं साउंडबीम माणसाला ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडतं आणि ती किती अंतरावरून परतली यावरून स्वर ठरवतं. हवेत हात हलवला की चाल उमटते. ते महाग आहे. त्याचा गरीब चुलत भाऊ म्हणजे एचसी-एसआर04 हा सेन्सर, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा. अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडला की 2 सेंटिमीटरपासून साधारण 4 मीटरपर्यंतचं अंतर सांगतो. स्वेटर, शाल अशा मऊ कापडात लहर मुरून जाते आणि आकडे वेडेवाकडे येतात. मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला की सरळ होतात.

कॅमेऱ्यावर चालणारी साधनं त्याहून स्वस्त, कारण कॅमेरा लॅपटॉपमध्ये असतोच. अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मुलांसाठी घडवलेलं औमी हे साधन फुकट आहे. चेहऱ्याच्या किंचित हालचालीवरही ते वाजतं. स्क्रॅचमध्येही व्हिडिओतली हालचाल ओळखणारे ठोकळे आहेत. आपल्याकडे याचा एकच मोठा वैरी आहे, छताचा पंखा. चौकटीत पंख्याचं पातं आलं की तेच मुख्य गायक होतं. कॅमेरा खाली झुकवावा, मागे एकरंगी चादर टांगावी, खिडकीकडे मुलाची पाठ नसावी. उन्हाळ्यात 'पंखा बंद करा' हा उपाय सुचवणाऱ्याने त्या खोलीत स्वतः बसून दाखवावं.

मान हलवता येणाऱ्या मुलासाठी मायक्रोबिट उत्तम. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी आणलेली ही पाटी काडेपेटीएवढी आहे आणि तिला कलंडणं कळतं. एक टोपीला शिवायचा, दुसरा स्पीकरला जोडायचा. दोघं आपापसात रेडिओने बोलतात, त्यामुळे वायर लोंबत नाही. आवाजासाठी कंपनसंख्या द्याव्या लागतात: भूपासाठी 262, 294, 330, 392, 440, 523. नव्वद अंशांचे सरळ सहा भाग करायचे नाहीत. मुलाची मान डावीकडे दहा आणि उजवीकडे पंधरा अंशच जात असेल तर अख्खं सप्तक त्या पंचवीस अंशांत बसलं पाहिजे. एका बटणाने डावी मर्यादा नोंदवायची, दुसऱ्याने उजवी, आणि दर सत्राला ती नव्याने नोंदवायची, कारण थकलेल्या दिवशीची मान वेगळी असते. दोन स्वरांच्या सीमेवर मान थांबली की स्वर थरथरतो. म्हणून सीमा ओलांडून दोन-तीन अंश पुढे गेल्यावरच स्वर बदलावा. या पाटीचा स्वतःचा आवाज किरटा आहे, काही मुलं कान झाकून घेतात. आकडा लॅपटॉपकडे पाठवून तिथे संतूर वाजवावं.

कर्णबधिर मुलांना संगीताच्या सत्रातून वगळायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बहिऱ्या आहेत आणि जगभर तालवाद्यं वाजवतात, अनेकदा अनवाणी, कारण जमिनीतून येणारी थरथर पायांना कळते. त्वचेला सगळ्यात चांगली कळते ती 250 हर्ट्झच्या आसपासची थरथर. हजाराच्या वर फारसं काही कळत नाही. भूप दोन सप्तकं खाली उतरवावा, 36 पासून सुरू करावा. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून हे स्वर निघतच नाहीत, त्याला आठ इंची वूफर लागतो. लाकडी पाटाखाली बेस शेकर, म्हणजे आवाजाऐवजी थरथर देणारा स्पीकर, स्क्रूने बसवला, त्याला अँप्लिफायर जोडला आणि मुलाला पाटावर बसवलं, की डग्ग्याची घुमकी थेट अंगात येते. संगमरवरी किंवा टाईल्सच्या जमिनीवर मात्र ही थरथर मरते. फुगा छातीशी धरायला देण्याची युक्ती सगळीकडे सांगतात. ती चांगली आहे, पण स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची अॅलर्जी बरीच आढळते, त्यांच्या खोलीत फुगा आणूच नये. रिकामा पत्र्याचा डबाही तेच काम करतो. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं श्रवणयंत्र) असलेल्या मुलाला ताल चांगला कळतो, स्वरांतला फरक पुष्कळदा धूसर राहतो. त्याला सनई आणि बासरी ओळखायला लावण्यापेक्षा त्याच्याकडे ठेका सोपवावा.

दृष्टिहीन मुलांची अडचण बहुधा संगीताची नसतेच, सपाट काचेची असते. टॅब्लेटवरचा पियानो त्यांना नुसती काच आहे. आणि पडदा वाचून दाखवणारी सोय चालू असली की बोट टेकवल्यावर सूर न वाजता त्या कळीचं नाव ऐकू येतं. मेकी मेकीला जोडलेल्या पुठ्ठ्यावर दर स्वराला वेगळी चीज लावावी: बांगडी, नाणं, फॉइलची सुरळी, स्टीलच्या तारेची घासणी. ऐकू आणि दिसू दोन्ही येत नसेल तर मुलाचा हात वरून पकडू नये. आपला हात खाली ठेवावा, त्याचा हात आपल्या हातावर. त्याला हवं तेव्हा तो उचलता येतो.

स्वमग्न मुलांसाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात: आवाज कमी करणारी कळ कुठे आहे, आणि खोलीबाहेर जायची वाट कुठे आहे. स्पीकरचा आवाज मुलांच्या उंचीवर, त्यांच्या खुर्चीत बसून ऐकून ठरवावा. कान झाकायचे हेडफोन दोन-तीन टेबलावर मोकळे ठेवावेत, मागायला लागू नयेत. स्पास्टिक, म्हणजे स्नायू आखडलेल्या, मुलांना तर अचानक मोठा आवाज आला की अख्खं अंग दचकून ताठ होतं आणि सैल पडायला वेळ लागतो. म्हणून स्पीकर चालू करताना होणारा धप्प आवाज मुलं यायच्या आधीच होऊन जाऊ द्यावा. एलईडीच्या माळा लावायच्या असतील तर त्या सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नयेत. कोणाला फिट येते हे आधी विचारलेलं असावं.

सत्र पंचेचाळीस मिनिटांचं, मुलं सहा, मोठी माणसं निदान तीन. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दर वेळी तेच. टॅब्लेट एकाच अॅपवर अडकवून ठेवावा, ही सोय आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हींत आहे, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला कार्टून सुरू होतं. वायरी जमिनीला चिकटपट्टीने चिकटवाव्यात, चाकाखाली आलेली वायर दुसऱ्या दिवशी मधूनमधून चालते आणि तसली वायर शोधणं हे मेलेल्या वायरीपेक्षा वाईट. तोंडातून लाळ गळत असेल तर बटणावर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळावी आणि मुलागणिक बदलावी.

मोठ्यांसाठी नियम दोनच. पहिला, मुलासमोर बटण ठेवल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं आणि तोवर हात, तोंड दोन्ही बंद. काही मुलांना दहाही कमी पडतात. दुसरा, 'दाब, दाब बेटा' म्हणायचं नाही आणि दर सुरानंतर टाळ्याही वाजवायच्या नाहीत. टाळ्या वाजवल्या की मूल सुरासाठी दाबतंय की टाळ्यांसाठी, हे कळायचा मार्ग बंद होतो. हे दोन नियम मेकी मेकीपेक्षा शिकवायला अवघड आहेत, आणि सगळ्यात जास्त मोडतात ते आईबाबा. त्यांना रागावू नये. त्यांच्या हातात एक वेगळं बटण द्यावं.

मुख्याध्यापकांनी 'ही खेळणी कशाला' म्हणून बिल अडवलं, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं कलम 29 दाखवावं. ते संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे आणि त्यात सहाय्यक साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग स्नेहसंमेलन येतं. इथे मोह फार मोठा असतो. मागे सीडी लावायची, मुलांच्या मांडीवर रंगीत बटणं ठेवायची, वायर कशालाच जोडायची नाही. प्रेक्षक रडतात, कार्यक्रम वेळेत संपतो. ब्रिटनमधल्या नॅशनल ओपन यूथ ऑर्केस्ट्रामध्ये दिव्यांग आणि इतर तरुण वादक एकत्र वाजवतात, काही जण नजरेने वाजणाऱ्या वाद्यावर. ते जमतं कारण त्यांच्या तालमी होतात, वादकाच्या होतात तशा. आपल्याकडे तेवढं नाही जमलं तर दोनच मिनिटांचा कार्यक्रम करावा, पण वायर जोडलेली असावी. मूल स्टेजवर गेलं आणि त्याने बटण दाबलंच नाही, तर दोन मिनिटं तानपुरा वाजेल. तोही कार्यक्रमच.

सत्र संपल्यावर वायरी गुंडाळायच्या आधी एक काम उरतं. दर मुलामागे एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं, आणि ते स्विचच्याच डब्यात ठेवायचं. पुढच्या वेळी दुसरं कोणी सत्र घेणार असेल तर त्याला फाईल वाचायला वेळ नसतो, कार्ड वाचायला असतो. त्यावर निदान वगैरे लिहायचं नाही. लिहायचं असं: उजवा गुडघा, बाहेरची बाजू. स्टँड टेबलाच्या डाव्या पायाला. थांब 0.6. संतूर नको, मान फिरवते. ताशा चालतो, पण आवाज निम्मा. पंधरापर्यंत मोजा.